सीजेडीची प्रयोगशाळेतील चाचणी अधिक भरवशाची कशी होईल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: साठीतल्या एका रुग्णाची स्मरणशक्ती दहा आठवड्यांत ढासळली, चालताना तोल जाऊ लागला, हातपाय दचकल्यासारखे उडू लागले. पाठीतून काढलेल्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये, 14-3-3 हे प्रथिन पॉझिटिव्ह आले आणि क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजार, अर्थात सीजेडी हा मेंदूचा असाध्य आजार, असल्याचे कुटुंबाला सांगण्यात आले. नंतर रक्तात एलजीआय1 या मेंदूतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, म्हणजे आजार उपचारांनी बरा होऊ शकणाऱ्या मेंदूदाहाचा निघाला, स्टेरॉइड सुरू झाले आणि रुग्ण सावरला. चाचणी चुकली की चाचणी करणारे चुकले, आणि या चाचण्या सुधारायच्या तर नेमके काय सुधारायचे, असे आपण विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. दोघेही चुकले नाहीत. चुकला तो निकालाचा अर्थ. 14-3-3 हे चेतापेशींच्या आत विपुल असणारे अगदी सामान्य प्रथिन आहे. पेशी झपाट्याने मरू लागल्या की ते बाहेर सांडते आणि सीएसएफमध्ये उतरते. 1996 मध्ये ही चाचणी पुढे आली तेव्हा मेंदूचा तुकडा न काढता सीजेडीचे निदान करण्याचे दुसरे साधन जवळजवळ नव्हते, म्हणून तिचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु पेशी प्रायॉनमुळे, म्हणजे सीजेडी घडवणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनामुळे, मेल्या, की हर्पिसच्या मेंदूज्वरामुळे, की पक्षाघातामुळे, की तासन्‌तास न थांबलेल्या फिटमुळे, हे त्या प्रथिनाला ठाऊक नसते. ही चाचणी पडझड मोजते, पडझडीचे कारण सांगत नाही. टाऊ प्रथिनाचेही तेच आहे. फरक इतकाच की टाऊ आकड्यात मोजता येते आणि दर मिलिलिटरला 1150 पिकोग्रॅम अशी एखादी मर्यादा ठरवता येते, त्यामुळे 14-3-3 च्या चाचणीतला, पट्टी पुसट आली की ठळक, हा वाद तरी मिटतो.

आजार दुर्मीळ असला की या दोषाची किंमत किती वाढते, हे एका हिशेबावरून दिसेल. आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. झपाट्याने स्मृतिभ्रंश झालेल्या 1000 रुग्णांचे नमुने आले आणि त्यांतील 50 जणांना खरोखर सीजेडी आहे, असे समजू. चाचणीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांना पॉझिटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) 90 टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) 80 टक्के असेल, तर 45 खरे रुग्ण सापडतील आणि सीजेडी नसलेल्या 950 पैकी 190 जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल हाती पडलेल्या पाच जणांपैकी चौघांना हा आजार नसेल. आता संवेदनशीलता जवळपास तीच ठेवून विशिष्टता फक्त 99 टक्क्यांवर न्या. खोटे पॉझिटिव्ह नऊ-दहावर येतात. म्हणून चाचणी सुधारणे म्हणजे आणखी रुग्ण शोधून काढणे असा अर्थ घेतला, तर या आजाराच्या बाबतीत आपण चुकीच्या टोकाला हात घालतो. आपल्या रुग्णासारखा बरा होऊ शकणारा माणूस असाध्य आजाराच्या शिक्क्याखाली गाडला जाऊ नये, हे पहिले काम आहे.

ते काम करायचे तर पडझड सोडून प्रत्यक्ष प्रायॉन पकडायला हवा, आणि तिथेच अनेक वर्षे गाडे अडले होते. स्टॅनली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये प्रायॉन हा शब्द रूढ केला आणि 1997 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की संसर्ग पसरवणारी वस्तू म्हणजे आपल्याच शरीरातील एका प्रथिनाची चुकीची घडी. त्यात डीएनए नाही, म्हणून पीसीआर कामाचे नाही. ते परके नाही, म्हणून शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत नाही आणि रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडे शोधणारी चाचणीही बाद होते. मेंदूच्या ऊतीत ते भरपूर सापडते. सीएसएफमध्ये मात्र इतके अल्प असते की प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या नेहमीच्या वेस्टर्न ब्लॉट तपासणीला दिसत नाही.

यातून बाहेर पडण्याची वाट प्रायॉनच्या स्वभावातच होती. चुकीची घडी पडलेले प्रथिन शेजारच्या नीट घडीच्या प्रथिनाला आपल्यासारखे करते. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या तंत्रज्ञांना मी हे विरजणाच्या भाषेत सांगतो, आणि ही उपमा शेवटपर्यंत टिकते. दुधात विरजणाचा थेंब पडला आहे की नाही, हे दुधाकडे बघून कळत नाही. ते दूध उबेत ठेवा आणि दही लागते का पाहा. थेंब कितीही लहान असला तरी दही लागते, फक्त वेळ जास्त लागतो.

क्लाउडिओ सोटो आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हे प्रत्यक्षात आणले. त्यांच्या पद्धतीत निरोगी मेंदूचा अर्क हे दूध होते आणि तयार होणाऱ्या गुठळ्या ध्वनिलहरींनी पुन्हापुन्हा फोडल्या जात, म्हणजे प्रत्येक तुकडा नवे विरजण होई. पद्धत विलक्षण संवेदनशील होती, पण रोजच्या प्रयोगशाळेला ती पेलणारी नव्हती: मेंदूचा अर्क दरवेळी सारखा मिळत नाही आणि ध्वनियंत्राच्या एका कोपऱ्यातली नळी दुसऱ्या कोपऱ्यातल्या नळीसारखी वागत नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यातील हॅमिल्टन येथील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत बायरन कॉघी यांच्या गटाने आणि रयुइचिरो अतारशी यांनी पुढील काही वर्षांत तीन बदल केले. मेंदूच्या अर्काऐवजी जिवाणूंत तयार केलेले शुद्ध प्रथिन आले, ध्वनिलहरींऐवजी प्लेट नुसती हलवणे आले आणि शेवटी थायोफ्लेविन टी हा रंग आला. हा रंग त्या गुठळ्यांना चिकटला की चमकतो, त्यामुळे प्रक्रिया चालू असतानाच ती वाचता येते. हीच आरटी-क्विक चाचणी. 2011 मध्ये अतारशी आणि सहकाऱ्यांनी मानवी सीएसएफवर तिचे निकाल प्रसिद्ध केले: संवेदनशीलता 80 टक्क्यांच्या वर आणि त्या नमुन्यांत विशिष्टता 100 टक्के. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या गटाने 89 आणि 99 टक्के असे आकडे दिले.

या चाचणीत माणसाच्या आजारासाठी बहुधा हॅम्स्टरचे प्रथिन वापरले जाते. माणसाचेच का नाही, असे प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. हॅम्स्टरचे प्रथिन मानवी विरजणाला चांगली दाद देते आणि विरजण नसताना बराच वेळ शांत राहते, हे अनुभवाने ठरले आहे. या क्षेत्रात अनेक गोष्टी आधी चालल्या आणि मग समजल्या.

प्लेट प्रत्यक्षात कशी दिसते तेही सांगतो. 96 खळग्यांची काळी, पारदर्शक तळाची प्लेट. प्रत्येक नमुन्यासाठी चार खळगे. खळग्यात 80 मायक्रोलिटर मिश्रण आणि 20 मायक्रोलिटर सीएसएफ. वर चिकटपट्टी लावून प्लेट यंत्रात ठेवली की एक मिनिट हलवणे आणि एक मिनिट थांबणे, असे चक्र सुरू होते आणि दर 45 मिनिटांनी चमक मोजली जाते. पडद्यावर बराच वेळ चार सपाट रेषा दिसतात. नमुना पॉझिटिव्ह असेल तर त्यांतील एखादी रेषा वळते आणि तासा-दोन तासांत माथ्याला भिडते, मागोमाग दुसरी, तिसरी. चारपैकी किमान दोन खळगे ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेले तर नमुना पॉझिटिव्ह धरतात. एकच खळगा गेला तर तो नमुना पुन्हा लावतात; त्या एका रेषेवर अहवाल लिहायचा नाही.

पहिल्या पिढीची चाचणी 42 अंशांवर चाले आणि बहुधा 90 तास घेई. 2015 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. त्यात प्रथिनाचा पुढचा भाग कापून 90 ते 231 क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा एवढाच तुकडा ठेवला, तापमान 55 अंश केले आणि मिश्रणात एसडीएस हा साबणासारखा पदार्थ 0.002 टक्के घातला. पूर्वी अडीच ते पाच दिवसांनी मिळणारा निकाल चार ते चौदा तासांत मिळू लागला आणि संवेदनशीलता नव्वदीच्या वर गेली. त्यापाठोपाठ 11 केंद्रांनी तेच 25 नमुने आपापल्या यंत्रांवर आणि आपापल्या प्रथिनावर तपासले आणि निकाल जवळजवळ पूर्ण जुळले. माझ्या मते हे काम नव्या शोधाइतकेच महत्त्वाचे होते, कारण एका हुशार प्रयोगशाळेत चालणारी चाचणी त्यामुळे चार सामान्य प्रयोगशाळांत चालू शकते, हे सिद्ध झाले. आता ही चाचणी अमेरिका आणि युरोपच्या निदान-निकषांतही आली आहे.

मग उरलेली सुधारणा कुठे आहे? यंत्रात फार थोडी. बरीचशी दुधात आहे आणि त्याहून जास्त नमुन्यात.

आधी दूध. हे प्रथिन ई. कोलाय जिवाणूंत तयार होते, ग्वानिडिनमध्ये विरघळवतात, निकेलच्या स्तंभावर हळूहळू त्याची घडी पुन्हा बसवतात आणि उणे 80 अंशांवर लहान लहान वाट्यांत गोठवतात. प्रत्येक खेप थोडी वेगळी निघते. काही खेपा इतक्या अधीर असतात की विरजण नसतानाही वीस-बावीस तासांनी त्यांना दही लागते, म्हणजे खरे तर दूध आपोआप नासते. पडद्यावर मात्र दोन्ही रेषा सारख्याच दिसतात. म्हणूनच चाचणी कोणत्या तासाला थांबवायची, हे आधी ठरलेले असावे लागते. आमच्याकडे एका उन्हाळ्यात सलग दोन प्लेटमध्ये निगेटिव्ह नियंत्रणाचे, म्हणजे विरजण नसलेले, खळगे चढले. आठवडाभर आम्ही पिपेट, पाणी आणि एकमेकांवर संशय घेतला. शेवटी कळले की शनिवारी रात्री वीज गेली असताना फ्रीझर अर्धवट वितळून पुन्हा गोठला होता. प्रथिनाचे सूक्ष्म पुंजके झाले होते आणि तेच विरजणाचे काम करत होते. तेव्हापासून वापरण्यापूर्वी प्रथिन पुंजके अडवणाऱ्या 100 किलोडाल्टनच्या गाळणीतून काढल्याशिवाय आम्ही प्लेट भरत नाही, आणि वितळलेली वाटी, उरली तरी, परत ठेवत नाही. नवी खेप आली की ज्यांचा निकाल आधीच ठाऊक आहे असे नमुने तिच्यावर चालवून पाहिल्याखेरीज रुग्णाचा नमुना तिच्यावर घालू नये. हे खर्चिक आहे, कंटाळवाणे आहे आणि याला पर्याय नाही.

नमुन्याबाबत मी अधिक आग्रही आहे, कारण तिथली चूक वॉर्डात होते आणि बोल प्रयोगशाळेला लागतो. सीएसएफ घेताना सुई शिरेला लागून रक्त मिसळले, तर रक्तातील घटक प्रक्रिया दाबून टाकतात आणि खरा रुग्ण निगेटिव्ह येतो. पेशींची किंवा प्रथिनांची पातळी फार वाढलेली असली तरी तेच होते. एका रुग्णाच्या बाबतीत एमआरआयमध्ये कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, कडेने आणि मेंदूच्या आतल्या कॉडेट या भागात नमुनेदार पांढरेपणा होता, ईईजीही तसाच होता, आणि आमचा अहवाल निगेटिव्ह गेला. नमुन्याची नळी पुन्हा काढून उजेडात धरली, तर पाणी गुलाबी होते. नोंदणीच्या वेळी ते कोणी लिहिलेच नव्हते. आठ दिवसांनी स्वच्छ नमुना आला आणि चारही खळगे पाच तासांत चढले. आता गुलाबी किंवा पिवळसर नमुना आला तर आम्ही तो तपासतो, पण निगेटिव्ह आला तर ‘निगेटिव्ह’ असे न लिहिता ‘नमुना योग्य नाही, पुन्हा पाठवावा’ असे लिहितो. यासाठी वॉर्डाला इतकेच सांगणे आहे की पहिले थेंब इतर तपासण्यांना द्यावेत आणि स्वच्छ झालेले पाणी पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत या चाचणीसाठी ठेवावे. प्रायॉनचे विरजण तसे चिवट असते, वाहतुकीतल्या एक-दोन दिवसांनी बहुधा बिघडत नाही.

चाचणी कुठे कमी पडते, हेही निकाल वाचणाऱ्याला ठाऊक हवे. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात 129 व्या स्थानी मेथिओनिन हे अमिनो आम्ल आहे की व्हॅलिन, आणि चुकीच्या घडीचा प्रकार पहिला की दुसरा, यावरून सीजेडीचे उपप्रकार पडतात. सर्वाधिक आढळणारा एमएम1 आणि तोल प्रथम बिघडवणारा व्हीव्ही2 हे चाचणीत उत्तम सापडतात. एमएम2 हा संथ प्रकार बऱ्याचदा निसटतो. घराण्यात चालणारा घातक निद्रानाश आणि गेर्स्टमान-श्ट्रॉइसलर-शाइंकर आजार या वंशागत प्रायॉन आजारांतही संवेदनशीलता घसरते. ब्रिटनमध्ये गोमांसातून पसरलेल्या व्हेरियंट सीजेडीत तर सीएसएफवरची ही चाचणी बहुधा निगेटिव्हच येते. तिथे रक्तावर आणि लघवीवर सोटो यांच्या मूळ पद्धतीने अधिक यश मिळाले आहे. एकच दूध सगळ्या विरजणांना चालत नाही, असा याचा अर्थ. बँक व्होल या उंदरासारख्या प्राण्याचे प्रथिन मात्र जवळपास प्रत्येक प्रकारच्या प्रायॉनला दाद देते, म्हणून निसटणाऱ्या प्रकारांसाठी त्याच्याकडे आशेने पाहिले जाते. पण ते स्वतःहून लवकर नासतेही, आणि पुन्हा थांबायच्या वेळेचा तोच प्रश्न उभा राहतो.

नाकाच्या वरच्या भागातून ब्रशने घेतलेल्या नमुन्यावर 2014 मध्ये 97 टक्के संवेदनशीलता मिळाली होती, त्याच अभ्यासात सीएसएफवर 77 टक्के. 2017 मध्ये त्वचेतही विरजण सापडले. दोन्ही मार्ग चांगले आहेत. तरी ब्रश नेमक्या जागी पोहोचवणारा कान-नाक-घसा तज्ज्ञ हाताशी नसेल तर 97 चा आकडा आपल्याला मिळणार नाही, आणि दुसऱ्या पिढीच्या सीएसएफ चाचणीने तो फरकही पुष्कळसा भरून काढला आहे.

सुरक्षिततेविषयी एक इशारा. सीएसएफमध्ये मेंदूच्या मानाने संसर्गक्षमता खूपच कमी असते, त्यामुळे घाबरून नमुनाच नाकारणे चूक आहे. पण फ्रान्समध्ये 2010 साली प्रायॉनबाधित उंदराच्या मेंदूवर काम करताना चिमटा टोचलेली एक संशोधन-सहायक 2019 मध्ये व्हेरियंट सीजेडीने मरण पावली, हे विसरू नये. फॉर्मलिनने प्रायॉन मरत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड, तीव्र हायपोक्लोराइट किंवा 134 अंशांवर 18 मिनिटे ऑटोक्लेव्ह, हे मार्ग वापरावे लागतात. चाचणी संपलेली प्लेट उघडायचीच नाही, याचे कारण मात्र आणखी साधे आहे: पॉझिटिव्ह खळग्यात आता अब्जावधी पटींनी वाढलेले विरजण आहे, आणि त्याचा एक शिंतोडा टेबलावर पडला तर पुढचे सहा महिने प्रत्येक रुग्ण पॉझिटिव्ह येईल.

आपल्या महाविद्यालयात ही चाचणी सुरू करावी का, असेही आपण विचारले आहे. माझे मत नकारार्थी आहे. हा आजार जगभर दर दहा लाखांमागे वर्षाला एक ते दोन जणांना होतो. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. त्या हिशेबाने राज्यात वर्षाला शंभर ते सव्वादोनशे रुग्ण अपेक्षित आहेत. ते आठ-दहा प्रयोगशाळांत वाटले गेले तर एकाही ठिकाणी हात बसणार नाही आणि प्रथिनाच्या खेपा वापरण्याआधीच जुन्या होतील. एक किंवा दोन केंद्रे, त्यांची बाहेरच्या केंद्रांशी नमुन्यांची नियमित अदलाबदल, आणि बाकी सर्व रुग्णालयांनी शुद्ध नमुना, एमआरआय आणि दोन ओळींचा इतिहास पाठवणे, ही व्यवस्था जास्त उपयोगाची ठरेल. नमुना पाठवला म्हणून इतर तपासण्या थांबवू नयेत. एलजीआय1 सह प्रतिपिंडांचा संच आणि हर्पिसचे पीसीआर त्याच दिवशी पाठवावे, आणि संशय सबळ असेल तर आरटी-क्विकच्या निकालासाठी स्टेरॉइड अडवून ठेवू नये.

उपचारांच्या बाजूनेही चाचण्यांवर नवी मागणी येते आहे. प्रायॉन प्रथिनाचे उत्पादनच कमी करणाऱ्या आयओएन717 या औषधाच्या मानवी चाचण्या 2024 मध्ये सुरू झाल्या. औषध लागू पडते का, हे पाहण्यासाठी सीएसएफमधील एकूण प्रायॉन प्रथिन अचूक मोजावे लागते, आणि हे प्रथिन नळीच्या प्लास्टिकला चिकटून बसते. नमुन्यात 0.03 टक्के चॅप्स हे डिटर्जंट घातले तर चिकटणे थांबते. न घातल्यास औषधाचा गुण म्हणून आपण नळीचा गुण मोजू. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात ई200के हे उत्परिवर्तन असलेल्या काही निरोगी व्यक्तींचे सीएसएफ लक्षणे दिसण्याआधीच आरटी-क्विकमध्ये पॉझिटिव्ह आल्याची नोंद आहे. तेव्हा कुटुंबातील निरोगी माणसाची ही चाचणी जनुकीय समुपदेशनाशिवाय, केवळ कुतूहल म्हणून, करू नये.

वर दिलेले संवेदनशीलतेचे आणि विशिष्टतेचे आकडे विश्वासार्ह ठरतात ते शवविच्छेदनात मेंदू तपासलेल्या रुग्णांमुळे. आपल्याकडे नातेवाईक क्वचितच संमती देतात आणि आपणही क्वचितच मागतो. मागायचे ठरले तर मेंदूचे तुकडे फॉर्मलिननंतर तासभर फॉर्मिक आम्लात ठेवावेत, मगच ते पॅराफिनमध्ये बसवायला द्यावेत. आणि आपल्या त्या रुग्णाचा उरलेला सीएसएफ उणे 80 अंशांवर अजून असेल, तर तो टाकून देऊ नका. ज्याला सीजेडी नाही हे उपचारांनी सिद्ध झाले आणि तरीही ज्याचे 14-3-3 पॉझिटिव्ह आले, असा नमुना कोणत्याही प्रथिनाच्या नव्या खेपेला पारखण्यासाठी फार मोलाचा असतो. नैतिक समितीची आणि रुग्णाची परवानगी घेऊन तो संदर्भ-प्रयोगशाळेकडे पाठवावा.